टिकलीखालची जागा

३ डिसेंबर
शेजारची पेशी रंगाचे दाणे आत घेते म्हणजे नक्की काय करते? गिळते, की दुसरीने पुढे केलेलं टोक तोडून घेते? आज मी शिकवते त्या क्लासमध्ये दहावीच्या अस्मिताने विचारलं. मला सांगता आलं नाही, तसं कबूल केलं. घरातली पहिली बी.एस्सी., पण पुस्तकातच दोन-तीन तऱ्हा दिल्यात. एवढंच सांगितलं की त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी थोड्या असतात, त्या फाटे पसरून आजूबाजूच्या पेशींना दाणे पोचवतात, आणि या शेजारणी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात. आपण काळे-गोरे दिसतो ते या दाण्यांमुळे.
वर्ग खूश होता. मीपण.

७ डिसें.
ताई गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून आली. तोंड धुताना टिकली काढून आरशाला चिकटवली. कपाळावर तांदळाएवढा पांढरा डाग. कधीपासून, विचारलं.
"दिवाळीपास्नं. गप."
म्हणजे साखरपुड्याच्या आधीपासून. आईला ठाऊक आहे. बाबा मिठागरावर, त्यांना नाही. रोह्याला नीलेशभावजींना तर नाहीच. लग्न माघात.

१० डिसें.
आईने रामवाडीच्या दुकानातून मोठ्या टिकल्या आणल्या, डाग झाकायला. कारखान्यातल्या बायकांनी चिडवलं, आतापास्नंच सासूबाय झालीस काय गो. ताई हसली म्हणे.

१४ डिसें.
सापडलं. काही टिकल्यांच्या मागच्या डिंकात एक रसायन असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. मग शेजारणींना घ्यायला काही उरतच नाही. म्हणजे ज्याने आपण डाग झाकतोय त्यानेच…
आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
"उघड्या कपालाने दारात बसवू तिला? तुजा बाप जिता हाय अजून."
साधं कुंकू लाव म्हटलं. कारखान्यात घामाने ओघळतं आणि पांढरं उघडं पडतं. शिवाय डाग आता कुंकवाच्या बोटापेक्षा मोठा.

२० डिसें.
साडी बघायला म्हणून ताईला पनवेलला नेलं. त्वचेच्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या. टिकली आजपासून बंद, रंग परत येऊ शकतो, वेळ लागेल. मी विचारलं, डिंकानेच झालं का? बहुतेक. कोड नाहीच का? ते आताच सांगता येणार नाही.
परतीच्या गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून. उन्हात डाग चमकत होता. पेण येण्याआधी तिने पर्समधून पाकीट काढलं आणि टिकली लावली.  मी अडवायला हवं होतं.

२८ डिसें.
नीलेशभावजींची आई आली होती, ब्लाउजचं माप न्यायला. ताईला सगळ्यात मोठी टिकली, वर पावडर. बाईंनी तिची हनुवटी धरून उजेडात तोंड बघितलं. आईच्या हातातल्या बशीचा आवाज झाला.
"कपाल भरून दिसतं पोरीचं," बाई म्हणाल्या.
त्या गेल्यावर आई माझ्यावरच घसरली. शिकवलं म्हणून आता घरच्या पोरीला कोडाची ठरवते. मी कोड म्हटलेलंच नाही. पण आईला दुसरा शब्दच माहीत नाही.

३ जानेवारी
ताईच्या कोपराशी एक नवा डाग. फिकट, कडा अजून पक्की नाही. तिथे टिकली कधीच लागलेली नाही. वाचलंय की डिंक लागला नाही तिथेही असे डाग उठू शकतात. हेही वाचलंय की कोडाची सुरुवात अशीच…
तिला दाखवला नाही. मग तिनेच मला दाखवला. "बघ गो, हितंपन." लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेऊ म्हणाली. थंडीच आहे.

५ जाने.
जोवर लपवायचंय तोवर टिकली सुटणार नाही. लग्नानंतर तर मुळीच नाही. उद्या भावजींना कळलं तर फसवलं म्हणतील, आणि माहेरी येऊन पडेल ती ताई. आज तिला स्पष्ट विचारलं, भावजींना सांगूया? ती कणीक मळत राहिली. ना हो म्हणाली, ना नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावतेय का, माहीत नाही.

६ जाने.
सकाळच्या गाडीने रोहा. क्लासला सुट्टी सांगितली होती. नीलेशभावजी त्यांच्या दुकानात एकटेच, पंपाच्या मोटारीत वायंडिंगची तार भरत होते. सगळं सांगितलं. कपाळ, डिंक, कोपर. डॉक्टरांना सांगता आलं नाही तेही. शिवल्याने दुसऱ्याला लागत नाही, एवढंच खात्रीने सांगितलं.
त्यांनी तार खाली ठेवली. हात फडक्याला पुसले.
"तुमी आल्याचं सुजाताला ठाऊक हाय?"
नाही म्हटलं.
"घरी आईशी बोलतो," म्हणाले. चहा मागवला होता, तो दोघांनीही घेतला नाही.
दुपारच्या गाडीने परत. घरी आले तर ताई ओसरीत, कपाळाला टिकली, पत्रिकांना हळदीचं बोट लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोह्यावरून त्यांच्या आईचा फोन येऊन गेला. आईनं घेतलान."
फोन ठेवल्यापासून आई आतून बाहेर आलेली नाही.