दुसऱ्यांच्या रजेवर घरी बसलेला नवरा

तीर्थस्वरूप आत्यास,

उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये असल्यामुळे वाकता येत नाही. तेव्हा पलंगावरून, उशीला टेकून केलेला हा नमस्कार पुरता धरून घे. तुझे गुडघे कसे आहेत? (तुझे दुखतात तरी. माझा तर दिसतच नाही.) मी बरी आहे. म्हणजे पायाने बरी आहे. धक्क्यातून अजून सावरलेली नाही, आणि तो धक्का स्टुलावरून पडल्याचा नव्हे.

पडले ती अशी: पंखा पुसायला चढले, पुसून झाला, आणि किती लख्ख झालाय ते नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे घेतलं. (हस. दवाखान्यातली नर्सही हसली.) डॉक्टरांनी हाडात सळई घातली आणि बजावलं, दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवलात तर जन्मभर लंगडाल. आता आमच्या घरात माणसं दोनच. एकीचा पाय असा, आणि दुसऱ्याची सगळी रजा सासऱ्यांच्या आजारपणात संपलेली. ह्यांनी बिनपगारी बसावं तर घर चालायचं कसं, आणि कामावर जावं तर मला न्हाणीघरापर्यंत न्यायचं कुणी? घरी आलो त्या संध्याकाळी हे माझ्या उशाशी बसून नुसते भिंतीकडे बघत राहिले. ह्या माणसाला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही जा हो कामावर, मी सरपटत जाईन." म्हणाले, "गप्प बस." आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. दोघंही ते बघत बसलो, उठलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी हे बिनपगारी रजा मागायला गेले आणि दुपारीच परत आले. चपला न काढता आत! (मी किंचाळायच्या बेतात होते, पण चेहरा बघून थांबले.) म्हणाले, "घरी बस म्हणाले. पगारी." मी विचारलं, "कोण म्हणालं?" तर म्हणे, "सगळे." ह्यांच्या बाटल्यांच्या कारखान्यात अशी सोय आहे की ज्याची पगारी रजा शिल्लक असेल त्याने ती अडचणीतल्या माणसाला देऊन टाकायची. सोय आहे हे ह्यांना माहीत होतं, पण आपल्यासाठी ती असू शकते हे काही डोक्यात आलं नव्हतं. कुणी दिली ते गुप्त ठेवतात. (म्हणजे दुपारच्या चहापर्यंत.) कँटीनवाल्या बाईंनी लेकीकडे जायची रजा दिली. पॅकिंगमधल्या दोघी, ज्या कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड बघत नाहीत, त्यांनीही दिली, आणि दोघी वेगवेगळ्या येऊन मला सांगून गेल्या की तिच्या आधी मी दिली हो.

पण आत्या, सगळ्यात जास्त रजा दिली ती फोरमनने! ज्याला अख्खा कारखाना 'कुलूप' म्हणतो तो. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा "अर्धा दिवस पुरेल की" म्हणणारा! मी दोनदा विचारलं, दुसरा कुणी फोरमन आहे का म्हणून. मग कुलूप स्वतःच आला, काखेत माझ्यासाठी कुबड्यांची जोडी घेऊन. खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि प्लास्टरकडे असा बघत राहिला, जणू तेही उशिरा आलंय. मला राहवेना. "साहेब, एवढी रजा कशी दिलीत?" म्हणाला, "पडून होती. शिवाय तुमचा माणूस तुम्ही पडल्यापासून फुटक्या बाटल्या पास करतोय. मला माल नीट हवाय." मग बराच वेळ चहा ढवळत बसला. "माझी आई आजारी होती तेव्हा असलं काही नव्हतं. पाळी संपवून घरी पोचलो, तोवर..." एवढंच. पुढे म्हणाला, चहात साखर जास्त आहे. मी डोळे पुसले ते पदराने नाही, चादरीने, कारण तीच हाताशी होती.

तर तेव्हापासून तुझे जावई घरी आहेत. दिवसाउजेडी! तुला कल्पना नाही. हा माणूस दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरून बुडबुडा आणि चीर शोधतो; घरी बाटल्या नाहीत, म्हणून त्यांनी माझे पेले धरले. निम्मे नापास. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, त्यामुळे मीठ आणि साबणाची पूड शेजारी आली. (पहिल्या दिवशीची भाजी. विचारू नकोस.) मला न्हाणीघरात नेताना मागे सरकणाऱ्या ट्रकच्या क्लीनरसारखे "येऊ दे, येऊ दे" ओरडतात, शेजारणी खिडकीत येतात. आणि परवा, आत्या, ह्यांनी माझे केस धुतले. पलंगाच्या कडेला बादली ठेवून, मानेखाली टॉवेल देऊन, अगदी हळू. मी इतकी हबकले की डोळ्यांत साबण गेला तरी बोलले नाही. मग ह्यांनी एक बट खिडकीच्या उजेडाला धरली, नीट न्याहाळली, आणि म्हणाले, "माल जुना आहे. पण पास."

काय बोलणार? असल्या माणसाबरोबर दिवस काढतेय. तब्येतीला जप.

तुझी, पडल्या पडल्या का होईना खुशाल असलेली,
भाची

ता. क. पत्र टाकायला ह्यांनाच देतेय, म्हणून भाजीचं मुद्दाम कमी लिहिलंय.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलंच. सोमवारी हे कामावर रुजू होतायत. मला कुबड्यांवर चालता येतंय, पण डॉक्टर म्हणतात दिवसा सोबत हवी. तुझ्या ऑफिसातली रजा वर्षानुवर्षं लॉकरमधल्या दागिन्यांसारखी ठेवलेली असते. त्यातली थोडी काढ आणि ये.

ता. क. तिसरा. ह्यांनी विचारलं तर सांग, भाची तक्रारी ऐकवायला बोलावतेय. सोमवारपासून घर खायला उठेल असं मला वाटतं, हे अजिबात सांगू नकोस.