टोपी उपटायचा आकडा

४ मार्च

घातली बंदी! हात वर करून, बहुमतानं, डोनट चघळत! मेच्या शेवटच्या शनिवारी जुन्या फौजी रायफलींची स्पर्धा, आणि तिच्यात म्हणे "फौजेच्या शिल्लक मालातली काडतुसं आहेत तशी चालणार नाहीत." नाव कुणाचं घेतलं नाही. गरजच काय? आख्ख्या क्लबात तसली काडतुसं झाडणारी मी एकटी.

मान्य, गेल्या साली माझं एक काडतूस अडलं. चाप ओढला – खट् – काही नाही – आणि मग धडाम्! शेजारच्या चटईवरून गेलन वीतभर उडाला. बाबांनी घेऊन ठेवलेली पेटी माझ्याहून म्हातारी. काडतुसाच्या बुडाशी ती टिकलीएवढी टोपी असते ना, जिच्यावर घाव बसून दारू पेटते, ती सर्दावली आहे. दोष टोपीचा. रायफलीचा नाही, माझा तर मुळीच नाही.

गेलन क्लबाचा अध्यक्ष. आत बसूनही हातमोजे घातलेले – मोठा सरदार! म्हणाला, "विकून टाक गं ती, आर्डिस. इटालियन फौजेची रायफल. एकदाही न झाडलेली, एकदाच खाली टाकलेली!" इटालियन शिपाई न लढताच शरण जातात, हाच विनोद शाळेपासून करतोय. लोक अजून हसतात.

मग म्हणाला, "नाहीतर झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळं नव्यानं भर. नियमात बसेल. पण त्या टोप्या उपटायचं हत्यार आता कुठे मिळायचं नाही."

मी उभी राहून सगळ्यांना विचारलं, "आहे का कुणाकडे?" सगळे आपापल्या कपात बघायला लागले. गेलन छताकडे.

बघतेच मी!

५ मार्च

चारचौघांच्या काडतुसाला बुडात मधोमध भोक असतं. आतून दाभण घातलं की वापरलेली टोपी खाली. माझ्या इटालियनला मधे भोकच नाही, बाजूला दोन, मुंगीसुद्धा अडकेल एवढी. म्हणून टोपी बाहेरून आकडा रुतवून उपटावी लागते. बाबांकडे होता तसा आकडा. ते गेल्यावर भावानं शेड रिकामी केली तेव्हा भंगारात गेला. भावाला अजून कळत नाही मी का चिडते.

नवी पितळं घ्यावीत तर दुकानवाला दोन वर्षं सांगतोय, "लवकरच येतील."

आकडा बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडची पोरगी म्हणाली, "मॅम, ते आम्ही बंद केलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तुमचा दिवस छान जावो!"

जातोय अगदी.

९ मार्च

पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. कोकरं आणि ट्रॅक्टरचं चाक विकायच्या चिठ्ठ्यांच्या मधे. "टोपी उपटायचा आकडा हवा. मोडका चालेल. सल्ला नको."

१२ मार्च

तीन फोन आले. तिन्ही सल्ल्याचे.

१७ मार्च

त्यातला एक सल्ला ऐकला, आणि झक मारली. रिकाम्या पितळात पाणी भरायचं, तोंडात घट्ट बसणारी सळई घालायची, वरून हातोडा. पाण्याच्या दाबानं टोपी बाहेर येते म्हणे. आली! एक. बाकीची पितळं वाकली. जुनं काळं पाणी छतावर, माझ्या चष्म्यावर, आणि मायलोनं दालचिनीच्या रोलसाठी मळून ठेवलेल्या कणकेत.

मायलो माझा नवरा. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होता, चिडत नाही. कणकेकडे बघत म्हणाला, "अगं, आता ह्यात दालचिनी घालू की नुसती काडी लावू?"

हसले. मग सिंकपाशी उभी राहून थोडी रडलेही. त्या रायफलीवर बाबांनी मला नेम शिकवला. "मुलीला कशाला?" असं आई म्हणायची, तेव्हा बाबा म्हणायचे, "कारण ती ऐकते. मुलगा ऐकत नाही." ह्या वर्षी मी मैदानात उतरले नाही तर ती रायफल भिंतीवर चढेल. एकदा भिंतीवर चढलेली रायफल परत खाली येत नाही. पाहिलंय मी इथे घराघरात.

नाही चढवणार!

३० मार्च

ग्रेट फॉल्सला गेले, बंदुकांच्या प्रदर्शनाला. टेबलांच्या रांगाच रांगा. प्रत्येक टेबलामागे एक दाढी.

पहिली दाढी म्हणाली, "नवऱ्यासाठी बघताय का, मॅडम?"

"नवरा रोल भाजतो. हे माझ्यासाठी."

दुसऱ्या दाढीनं मला ठासून सांगितलं की असं हत्यार कधी अस्तित्वातच नव्हतं. मी म्हटलं, मी ते वापरलंय. म्हणाला, "दुसरं काहीतरी असेल ते." माझा हात मलाच माहीत नाही!

तिसऱ्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काडतुसं पुढे केली. "कशाला त्रास घेता, माझ्या घरी भरलेलीच न्या ना." मी पिशवीला बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. सख्ख्या भावाचं नाही, पाद्रीबुवांचं नाही. दारू दुप्पट पडली असली तर बंदूक तोंडावर फुटते, आणि भरणाऱ्याचा हात आपण पाहिलेला नसतो. बाबांचा हा पहिला धडा. माझ्याबरोबर गेलनही आमच्याच शेडमध्ये शिकला, आणि त्यानं तो माझ्याहून कडक पाळला. त्याच्या भावानं नाताळात भेट दिलेली काडतुसं त्यानं उघडलीही नाहीत. दोघे वर्षभर बोलत नव्हते.

निघताना शेवटच्या टेबलावरचा म्हातारा हळूच म्हणाला, "राउंडप गावच्या वेंडेल किपकडे होता बघा असा आकडा. म्हातारा असेल अजून तर."

२ एप्रिल

बर्फ. रस्ता बंद. मायलोला म्हटलं साखळ्या लाव चाकांना. म्हणाला, "आकडा पळून जात नाही." म्हातारे जातात, मी म्हटलं.

६ एप्रिल

आहे! वेंडेल किप आहे! वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसून हरणं मोजत होते. कान गेलेत, बाकी सगळं जागेवर. मी ओरडून विचारलं. शेजारच्या आजीबाई दचकल्या.

"आकडा? होता की. चांगला पोलादी. इथे यायच्या आधी काडतुसं भरायचं माझं सगळं बाकडं, हत्यारांसकट, दिलं एकाला. आपल्यात तसंच असतं ना, बाकडं भंगारात द्यायचं नाही, नेमबाजालाच द्यायचं. तुमच्याच गावचा. ट्रास्क. गेलन ट्रास्क."

माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली.

"मोठा सज्जन माणूस," वेंडेल म्हणाले.

हो! सज्जनच! भरसभेत मी विचारते आणि सज्जन छत बघतात!

परतीच्या सबंध रस्त्यात गाडीत एकटीच बोलत होते. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

७ एप्रिल

सकाळीच गेले त्याच्याकडे. शेडचं दार मीच ढकललं. आत गेलन, खिशात हात. वेंडेलचं बाकडं कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. त्याचं स्वतःचंही बाकडं धुळीनं भरलेलं! दारू तोलायच्या काट्यावर कोळ्याचं जाळं. फळीवर दुकानातली काडतुसं, खोकी न फोडलेली. जन्मभर क्लबाला काडतुसं भरायला शिकवणारा माणूस, आणि स्वतः विकतचं झाडतोय! आळशी कुठला! मी तोंडावर म्हटलं तसं.

"आकडा दे, गेलन."

"मला वाटलं सोडून देशील. ते बरं झालं असतं."

"तुला जिंकायला बरं?"

तेव्हा भडकला. "गेल्या साली तुझ्या शेजारी मी होतो, आर्डिस! अडलं की माणूस मागचा बोल्ट उघडून काडतूस काढायला जातो. तू हात नेलाच होतास. उघडला असतास तर तोंडावर फुटलं असतं. आर्विडला वर जाऊन काय सांगायचं मी?"

"बाबांना काय सांगायचं ते माझं मी सांगेन. तू आकडा दे."

हनुवटीनं खण दाखवला. उघडून द्यायचेही कष्ट नाहीत! मीच काढला. तेलकट कापडात गुंडाळलेला, जड, बाबांच्याकडे होता तस्साच. दारात पोचले तर मागून म्हणाला, "टोकाला धार लाव. उपटताना घाई करू नकोस." आला मोठा शिकवणारा.

पण बोल्टचं तो खरं बोलला. हात नेला होता मी.

८ एप्रिल

धार लावली. पहिली टोपी निघाली! मायलोला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "एवढीशीच?"

२६ एप्रिल

रोज थोडं थोडं. रेडिओ बंद, फोन बंद, मायलोशी बोलणं बंद. बाबांचा नियम. पितळ धुवायचं, टोपी बसवायची, दारू तोलायची, गोळी बसवायची. प्रत्येक पितळ दिव्याखाली धरून आत बघायचं, दारू एकदाच पडली ना. खांदे मोडून आलेत. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

११ मे

कुरणात जाऊन झाडून पाहिली. खट् नाही. थेट धडाम्.

२५ मे

वारा आडवा होता. तरी एकही काडतूस अडलं नाही, एकही! "एकदाच खाली टाकलेली" इटालियन आज दुसरी आली, आणि गेलन ट्रास्क चौथा! शाळेपासून पहिल्यांदा मी त्याच्या वर. काडतुसं आत ढकलायलाच इतका वेळ लावत होता की शेवटची दोन झाडायच्या आत शिट्टी झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष झोपले वाटतं." मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मायलोनं क्लबाला राजमा-खिम्याची चिली आणि रोल वाटले. कुणालातरी सांगत होता, "ह्या कणकेत दारू नाही, खा बिनधास्त."

गेलननं रोल घेतला नाही. लवकर निघून गेला. जळू दे.

१ जून

गेलन आला. शिगारच्या डब्यात त्याची रिकामी पितळं, धुऊन चकचकीत. डबा माझ्या बाकड्यावर ठेवला आणि हातमोजे काढले. बोटं संधिवातानं आल्याच्या गाठींसारखी. "टोपी चिमटीत येत नाही. दोन हिवाळे झाले," म्हणाला. "तू भर. मी झाडीन."

मी म्हटलं, "भरताना शेजारी बसून बघ तरी."

"नको. आर्विडच्या पोरीचा हात मी पाहिलाय."

मी उठले आणि रेडिओ बंद केला.