राजाचा वंश, तात्पुरते शीर्षक

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज थिसिसची दोन पानं. काय वाट्टेल ते होवो. ३१ तारीख ही शेवटची मुदत, याआधी तीनदा वाढवून झाली आहे.

पाडसांचा बाप कोण, याचा लॅबचा रिझल्ट शुक्रवारी. निव्वळ फॉर्मॅलिटी. सात वर्षं मी हरणांच्या या कळपातल्या राजाकडे बघतोय. बारा फाट्यांची शिंगं, टेकडीवर सगळ्या नरांना लोळवणारा. शेहेचाळीस पाडसांपैकी चाळीस तरी त्याचीच. प्रकरणाचं नाव टाईप केलं : ‘राजाचा वंश’. गाईडबाई म्हणाल्या, आधी डीएनए येऊ दे. विश्वासच नाही बाईंचा.

७ मार्च
राजाची पाडसं : शून्य.
मशीन बिघडलंय. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, तीनदा चालवलं. मी म्हटलं, चौथ्यांदा चालवा. फोन कट झाला. रेंज नसेल.

८ मार्च
पानं नाहीत. मूड नाही.

११ मार्च
चौथ्यांदाही शून्य. बाकीच्या आठ नरांची मिळून सहा. उरलेल्या चाळिसांचा बाप एकच, आणि तो माझ्या यादीत नाही.

गाईडबाईंनी विचारलं, कुणाचा नमुना राहिला? मी म्हटलं, सगळ्यांचा घेतला. म्हणजे घेण्यासारख्या सगळ्यांचा. लंगड्याचा कोण घेणार? मागचा पाय अधू, एक शिंग वाकडं. वरती राजाची झुंज चालू असायची तेव्हा हा खाली झुडपात माद्यांजवळ उभा. माझ्याच वहीत सात वर्षं माझंच अक्षर : ‘भित्रा. झुंजीत भाग नाही. नोंद अनावश्यक.’

१२ मार्च
खरं तर हा जास्त मोठा शोध आहे! नवं शीर्षक : ‘लंगड्याचा वंश’. बायको म्हणाली, मग आता राजाचं काय? मी म्हटलं, सायन्समध्ये भावनांना जागा नसते. राजाचा फोटो टेबलावरून काढला. परत ठेवला.

डीएनएसाठी लंगड्याच्या मूठभर लेंड्या मिळाल्या की झालं. दहा मिनिटांचं काम.

१६ मार्च
जंगलात चौथा दिवस. लंगड्या लाजाळू आहे.

२० मार्च, दुपारी
वनरक्षक काका भेटले. म्हणाले, लंगड्या थंडीतच गेला की. रोगाची शंका होती म्हणून जाळला. जाळण्याआधी तुम्हाला फोन केला होता साहेब, केस-कातडं काही ठेवू का म्हणून. तुम्ही म्हणालात, तो कशाला, राजाला काही झालं तर सांगा.
असं मी म्हटलं असेल असं वाटत नाही. म्हणजे, वाटतं.

२९ मार्च
तक्ता भरला. पिता : अज्ञात. पिता : अज्ञात. चाळीस वेळा. पहिल्यांदाच दोन पानं झाली.

३१ मार्च
आणखी सहा महिन्यांचा अर्ज घेऊन गेलो. गाईडबाई ओरडतील म्हणून उत्तरं पाठ केली होती. त्या ओरडल्या नाहीत. अर्ज वाचला, सही न करता घडी करून माझ्याकडे परत दिला, आणि म्हणाल्या, बस, चहा घेणार का?

सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं. घेतला.