रिकामी म्हटलेली गाडी

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
९ मे १९९१

प्रिय मर्ल,

सत्तेचाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज कानातून जात नाही. खडबडीत रस्त्यावर माझ्या पाठीमागे चाळीस तोफगोळे एकमेकांना हळूच लागत, ठुक्, ठुक्, जणू मागच्या बाकावरची मुलं बाईंची पाठ वळताच कुजबुजू लागलीत. आज बशा विसळताना तोच आवाज आला नि हात थांबले.

तुझ्या इर्माचा गुडघा आता कसा आहे? मी बरा आहे. तळ्यावरचा बर्फ वितळला. सकाळी बाकावर बसून शाळेतल्या कविता आठवतो. पहिलं कडवं येतं, दुसरं येत नाही.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. कारण टपाल नव्हे.

आपल्या दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातल्या. तेच चिलखत, तेच साखळीपट्टे, जुळ्या बहिणीच म्हण. तुझ्या गाडीवर तोफ, माझ्यात तिचे गोळे. तुम्ही प्रत्येक लक्ष्यानंतर नळीवर पांढरा पट्टा रंगवायचात. मी एकदा माझ्या गाडीवर रंगवायला गेलो, तर तू ओरडलास, ‘‘अरे कविराज, आधी नळी तर उगवू दे!’’ सगळे हसले. मीही हसलो. मग रोज आतल्या दाराला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, खडूने पट्टे ओढू लागलो. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

जर्मन सरहद्दीवरची ती सकाळ. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. तुम्ही तोफेवर चढून बसलात. तो मला म्हणाला, ‘‘ओ ड्रायव्हर, ती रिकामी गाडी जरा बाजूला घ्या की!’’

पंच्याण्णव पौंडी चाळीस गोळे, वर तोफेच्या दारूच्या पिशव्या, नि म्हणे रिकामी! तू तर पोट धरून हसलास. ‘‘हलव रे तुझी रिकामी!’’

हलवली.

तासाभराने जर्मनांच्या सिमेंटच्या त्या मोर्च्यावर मारा सुरू झाला. तुझ्या तोफेत जेमतेम दहा गोळे मावायचे. दोन उरले की ठासणीच्या दांड्यावर हेल्मेट अडकवून तू उंच धरायचास, मग मी गाडी तुझ्या पाठीला आणून लावायची. धुरामुळे हेल्मेट दिसलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला इस्पितळात सांगितलं, तुझ्या आईला पत्रातून कळवलं, माझ्या बायकोलाही ती जाईपर्यंत तेच सांगत आलो.

मला दिसलं होतं, मर्ल. धूर होता, पण दिसलं होतं. दोनदा हललं. मी मनात म्हटलं, बघू दे त्यांना, रिकामीवाचून कसं चालतं ते. इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता. चार मिनिटं असतील. तुझी तोफ गप्प झाली आणि त्यांची बोलली.

मी पोहोचलो तेव्हा तुझा हात कोपरापासून गेलेला होता. आणि तू मलाच म्हणालास, ‘‘आलास का रे, बाबा!’’

याहून वाईट पुढे आहे. मला तुझ्या त्या हाताचाही हेवा वाटला. तुला पदक मिळालं, लोक उठून तुला खुर्ची देऊ लागले. तुमच्याकडे आलो की चर्चच्या जेवणात इर्मा तुझं मांस कापून देते, तेव्हा मी माझ्या दोन धडधाकट हातांकडे बघत बसतो. या वयात!

आणि आता तू लिहितोस की, रविवारी तुमच्या चौकात स्मारकाचा दगड बसणार, त्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव, ‘धुरातूनही पोहोचला’. आयुष्यभर ज्याची हाव धरली, ते तू आपणहून देतो आहेस. तीन आठवडे मी गप्प राहिलो, कारण मला ते हवं होतं. कोरू देऊ नकोस. माझं नाव काढ. त्यानंतर तुला मला पत्र लिहावंसं वाटलं नाही, तर

अंगणात गाडी थांबली. शेजारीण असेल.

नाही. तुझी मुलगी गाडी चालवते आहे आणि तू उतरतो आहेस. सगळं आयोवा राज्य ओलांडून आलास? जाळीच्या दारातून ओरडतोयस, ‘‘कविराज, मेलास की काय? दोन दोन हात असून चार ओळी लिहवेनात?’’

हे खिशात लपवता येईल. सही करतो, म्हणजे लपवणार नाही. पत्र हातात धरूनच दार उघडतो आहे.

तुझा, पुढच्या मिनिटाला तुझा उरेन की नाही ठाऊक नाही,
आर्व्हिड