पाळणाघर बंद झालं

सोमवार, दिवेलागण

संस्थेची मॅडम आज पाळणाघराची पाटी काढून घेऊन गेली. म्हणे, "आजी, प्रकल्प संपला." मी म्हटलं, "लेकरं संपली का, बाई?" तिनं पाटी काखेत मारली. तिला तरी काय बोलू, तीही पगारावरच.

उद्यापासून कापसाची वेचणी. पाळणाघर नव्हतं तेव्हा सून थोरल्या नातवाचा पाय चिंधीनं निंबाला बांधून वेचायची, विहिरीकडे रांगू नये म्हणून. त्याच्या पायावर वळ अजून शे, गेला नाही. आता धाकटा रांगतो.

घरी आले तर सून जुनं लुगडं फाडत बसलेली. पुन्हा चिंधीच. मी ती ओढून चुलीत घातली. म्हटलं, "बठ्ठ्या बायांना सांग, एकीलाही वगळू नको, लेकरं माझ्या ओट्यावर आणून सोडा."

माझ्यानं होईल का? गुडघे दुखतील. दुखू देत.