ऑपरेशन पोटाचं, चौकशी पायांची

दादा,

फोन उचलायचा नसेल तर ठेवलायस कशाला, शोभेला? आठवडाभर लावतेय. वाजून वाजून तो बिचारा दमतो, तू दमत नाहीस. परवा चुकून उचललास, तर वहिनीचं नाव निघताच "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून दिलास. दादा, तुझं कापडाचं दुकान सोमवारी बंद असतं. म्हणून आता लिहायला बसले. (फाडशील म्हणावं तर तुला कापड फाडायची सवय, कागदाची नाही.)

तर नमस्कार. तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालते, कारण विचारलं तरी तू बरीच सांगणार. इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून राहून माझ्या पायांचे खांब झालेत, बाकी ठीक. तुझी लेक चिमणी माझ्याकडे खाऊनपिऊन बरी आहे, पण पोटातली गाठ लिंबाएवढी होती ती आता मोसंब्याएवढी झालीय. (डॉक्टरलोकांना सगळ्या गाठी फळांतच का दिसतात कोण जाणे.) पुढच्या आठवड्यात शनिवारी दुर्बिणीनं काढणार. बारीक बारीक भोकं पाडून पोटात हवा भरतात म्हणे, आणि डोकं खाली, पाय वर करून निजवतात. मी म्हटलं, पोरगी आहे की फुगा? डॉक्टरीण हसली नाही. तिनं विचारलं, घरात कुणाला पायात रक्ताची गुठळी झाली होती का? मी म्हटलं, हिची आई त्यानंच गेली.

झालं! पोट राहिलं बाजूला आणि सगळे चिमणीच्या पायांमागे लागले. पोटात हवा भरली की तिथल्या शिरा दबतात, पायांतलं रक्त परतायला कंटाळतं, रेंगाळतं, रेंगाळलं की गोठतं, आणि ती गुठळी सुटून छातीत गेली की माणूस गेलं. म्हणून पायाच्या शिरा तपासायच्या. आता ऐक काय झालं ते. चिमणी लघवीला गेलेली, खोली गार, समोर मऊ पलंग रिकामा. माझे पाय म्हणाले, बाई, टेक जरा. मी आडवी झाले तोच तपासणारी पोरगी आली, कपडा गुडघ्यावर सारला आणि पायाला गार बुळबुळीत काहीतरी फासायला लागली. मला वाटलं, सोबतच्या माणसाचीही सोय बघतात, चांगली माणसं आहेत! ती पोटरी दाबायची की यंत्रातून फूऽस आवाज यायचा, नळाला पाणी सुटल्यासारखा. बऱ्याच वेळानं तिनं कागदावरचं वय वाचलं, मग माझं तोंड वाचलं, आणि अशी किंचाळली म्हणतोस! चिमणी दारात पोट धरून हसत होती. (गाठीसकट.)

पण दादा, मला काही हसू येईना. एवढंच तर होतं. पोटरी दाबायची आणि ऐकायचं. वहिनीचं कुणी ऐकलं नाही. गर्भपिशवी काढून आली आणि तू तिला जमिनीला पाय लावू दिला नाहीस. पाणी हातात, ताट हातात, न्हाणीपर्यंतसुद्धा उचलून. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मग एका सकाळी वेणी घालता घालता "दम लागतोय" म्हणाली, आणि वेणी अर्धीच राहिली. तेव्हापासून तुझ्या घरात तिचं नाव काढायचं नाही. का, ते मला कळतं. शाळा मी धड केली नाही, म्हणून काही डोळे मिटून बसले नव्हते. मी सगळं डॉक्टरणीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, बाईला चालवायचं हे दवाखान्यानं सांगायचं असतं, नवऱ्याला कुठून कळणार? हे तुला सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी सांगतेय. पटवून घे, नाहीतर घेऊ नकोस.

चिमणीला घट्ट मोजे दिलेत. घालून बघितले, तेव्हा मी आणि नर्स घामाघूम, ती राणीसारखी बसून. ऑपरेशनच्या संध्याकाळीच मी तिला चालवणार आहे, भोकाड पसरलं तरी. तू येऊ नकोस. आलास की उचलून घेशील.

तुझी बहीण

ता. क. येऊ नकोस हे रागात लिहिलं. ये.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. डॉक्टरीण विचारते, वहिनीला त्या ऑपरेशनच्या आधीही कधी गुठळी झाली होती का? चिमणीच्या वेळच्या बाळंतपणात वहिनीचा एक पाय सुजून लालभडक झाला होता, असं मला पुसट आठवतं, पण पुसट चालत नाही म्हणते. तसं असेल तर खोड रक्तातच असेल, लेकीतही उतरली असेल, आणि रक्त पातळ ठेवायच्या सुया चिमणीला जास्त दिवस द्याव्या लागतील. दवाखान्याचे कागद तू जाळलेस. आता हे ठाऊक असलेला तू एकटा उरलास. चिमणी मला विचारू देत नाही, "बाबांना त्रास होईल" म्हणते. बापाला त्रास नको म्हणून पोरगी स्वतःचा जीव टांगणीला लावून बसलीय, आणि बाप गिऱ्हाईक आलंय म्हणतो! पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत मला फोनवर उत्तर हवं. रडायचं तर खुशाल रड, पण आधी पाय सुजला होता की नाही ते सांग, मग रड.