मध्ये कुणी बोलायचं नाही

दि. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस, रागावायला पुढे पुष्कळ आहे.

आपल्या भिंगरीला शाळेतल्या मुलींनी छळलं. सरळच लिहिते, मनात घोळवून घोळवून डोकं फुटायची वेळ आली आहे. ती बोलताना अडते हे काही नवं नाही. शब्द ओठांशी येऊन बसतो आणि हलत नाही. एकदा हलला की पुढचं बरंचसं सुरळीत निघतं. घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण यंदा सातवीत गेल्यापासून ती अडली की मागच्या बाकांवरून कुणीतरी तिचं वाक्य भलतंच पुरं करतं आणि वर्ग हसतो. परवा तर कहर झाला. शाळा सुटल्यावर तिघींनी तिचं दप्तर प्रयोगशाळेच्या माळ्यावर फेकलं आणि सांगितलं की शाळेचं पूर्ण नाव एका दमात न अडखळता म्हण, मग काढून देतो. ती म्हणायला गेली, अडली, पुन्हा गेली. त्या हसून हसून दमल्या आणि घरी निघून गेल्या. शिपाईकाका कुलूप लावायला आले तेव्हा ही एकटीच भिंतीकडे तोंड करून अजून तेच नाव म्हणत उभी होती. हे मला त्यांच्याकडून कळलं. तिघींची नावं मात्र ती काही केल्या सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाटकाच्या तालमीला दांडी मारली आणि तिला घेऊन शाळेत गेले. तालीम मी अंगात ताप असला तरी चुकवत नाही हे तुला ठाऊक आहे. मी विंगेत पुस्तक घेऊन बसले नाही तर आमचे नायक पहिल्याच अंकात वाक्य विसरून माझ्या खुर्चीकडे बघत राहतात. मुख्याध्यापिकाबाई भिंगरीला विचारत होत्या आणि तिला त्रास नको म्हणून मीच सगळं सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की मुली अजाण आहेत, थट्टा जरा जास्त झाली, समज देऊ. भिंगरीला यापुढे तोंडी परीक्षा माफ, पाठांतर माफ, आणि शाळा सुटण्याआधीच तिला घरी सोडू म्हणजे कुणाशी गाठच पडणार नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या की अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते, तिचाही विचार करून बघा.

माझं डोकं सणकलं. ताई, मी ठरवलं आहे. भीक मागायला आल्यासारखी या शाळेच्या दारात मी उभी राहणार नाही. पोरीला तुझ्याकडे पाठवते. तुमच्या गल्लीच्या टोकाची शाळा लहान आहे आणि तिथे तू आहेस. ह्यांचं मत विचारू नकोस, चष्म्यांच्या दुकानातून आल्यावर हे नुसतं हं म्हणतात. वर्गप्रमुख तिची जुनी मैत्रीण आहे, आपल्याकडे येणारी ती गोड पोर, म्हणून तरी इतके दिवस निभावलं.

तुझा लोभ आहेच, या खेपेला त्याच्याबरोबर लगेच उत्तरही असू दे.

तुझी,
धाकटी


दि. ९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी माझ्याकडे मोटार शिकायला आलेल्यांची काही धडगत राहिली नाही. एका गृहस्थांची गाडी चौकात बंद पडली, तर मी त्यांना असं काही सुनावलं की ते उतरून पायीच घरी निघाले. दुसऱ्या दिवशी मिठाई नेऊन समजूत काढावी लागली.

घर तुझंच आहे. भिंगरी केव्हाही येऊ दे, मागची खोली तिचीच. पण तुझं लांबलचक पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुख्याध्यापिका काय म्हणाल्या ते त्यात आहे, तू काय म्हणालीस ते आहे, तुझे हे काय म्हणत नाहीत तेसुद्धा आहे. पोर काय म्हणते ते कुठे आहे? तिला माझ्याकडे यायचं आहे का, हे विचारलंस? आणि विचारलं असलंस, तर उत्तर तिने दिलं की तू?

गाल फुगवू नकोस. माझ्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकणारा जरा चुकला की पाय शिवशिवतो. दर वेळी मीच दाबत बसले तर गाडीला ओरखडा येणार नाही, पण त्या माणसाला जन्मात गाडी यायची नाही. हे मला जमायला फार वर्षं लागली, तेव्हा तुला एका पत्रात जमावं असं मी म्हणत नाही.

सोबत भिंगरीसाठी वेगळं पाकीट आहे. ते तिने फोडायचं. तू उजेडात धरूनही बघायचं नाही, मी तुला ओळखून आहे.

घरात सर्वांना आशीर्वाद, आणि तुला एक चापटही.

ताई


दि. १३ सप्टेंबर

ती. मावशीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

ही अक्षरं मला फार आवडतात. सगळी अर्ध्यात थांबतात आणि तरी त्यांना कुणी हसत नाही.

तू विचारलंस की मला काय हवंय. मला तुझ्याकडे सुट्टीत यायचंय. आत्ता यायचं नाही. दप्तर त्यांनी फेकलं आणि गाव मी सोडायचं, हे मला पटत नाही.

आता तुला एक सांगते. त्या तिघींतली पहिली वर्गप्रमुख आहे. आईला सांगितलं नाही, कारण आईला ती आवडते. आणि दुसरंही एक कारण आहे. आम्ही चौथीत होतो तेव्हा आईनेच तिला शिकवलं. भिंगरी वर्गात अडली तर तू हळूच शब्द दे, मी नटांना देते तसा, असं आई तिला म्हणाली. ओठांकडे कसं बघायचं, पहिल्या अक्षरावरून पुढचं कसं ओळखायचं, सगळं दाखवलं. तिला ते छान जमलं. बाईंनी शाबासकी दिली. मग बाई प्रश्न मला विचारायच्या आणि बघायच्या तिच्याकडे. पुढच्या वर्षी ती माझ्या आधीच बोलायला लागली. त्याच्या पुढच्या वर्षी कधी कधी मुद्दाम चुकीचा शब्द द्यायची, गंमत म्हणून. मला येतं असं म्हणायचं असलं की ती म्हणायची, हिला येत नाही. मीपण हसायचे. हसले नसते तर ती माझी मैत्रीण राहिली नसती. आता सगळेच देतात.

आईचा मला राग नाही. म्हणजे थोडा आहे.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आहेत की अजून काही सांगायचं असेल तर लिहून दे. माझं अक्षर चांगलं आहे आणि निबंधात मी नेहमी पहिली असते. पण हे मी लिहून देणार नाही. लिहून दिलं तर त्या म्हणणार, बघा, हिला बोलता येतच नाही. मला त्या तिघींसमोर, त्यांच्या आईवडिलांसमोर आणि बाईंसमोर तोंडाने सांगायचंय. वेळ लागला तर लागू दे. माझी एकच अट आहे, मध्ये कुणी बोलायचं नाही. आईनेही नाही. हे आईला सांगायला मी स्वयंपाकघरात गेले होते, पण ते वाक्यसुद्धा तिनेच पुरं केलं आणि चुकीचं केलं. तिला वाटलं मला भूक लागलीय. म्हणून तू सांग. हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल.

तुझा लोभ आहे तसाच ठेव, आणि मला गाडी शिकवायचं कबूल केलंयस ते विसरू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. १७ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

भिंगरीचं पत्र तिच्या परवानगीने सोबत पाठवते आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

वाचलंस? रडायचं असेल तर रडून घे. तू केलंस ते मायेपोटी केलंस, यात मला तिळमात्र शंका नाही आणि तिलाही नाही. आता तोंड धू आणि मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन सभा माग, तिने म्हटलंय तशीच. त्या म्हणतील की गरज नाही. मग बाहेरच्या बाकावर बसून राहा. आपल्या घरातल्या बायका एकदा बसल्या की उठत नाहीत, हे त्यांनाही कळू दे.

आणि सभेत जिभेला कुलूप. मी येणार नाही. आले तर दोन कुलपं लागतील.

तुझं बळ माझ्या ओळखीचं आहे. आशीर्वाद.

ताई


दि. २८ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

आधी कबूल करते की तुझा मला सणकून राग आला होता. पोरीचं पत्र वाचून तशीच तालमीला गेले. तिथे एका नटाला भलत्याच अंकातलं वाक्य दिलं आणि त्या बिचाऱ्याने ते म्हटलंही. मग राग ओसरला आणि लाज वाटली. लाज वाटून काही होत नाही, म्हणून शाळेत गेले.

मुख्याध्यापिकाबाई नको म्हणाल्या. मी बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तेव्हा आमचे हे दुकान बंद करून आले आणि शेजारी बसले. त्यांना बघून का कोण जाणे, बाई विरघळल्या.

काल सभा झाली. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलाभोवती तिघी मुली, त्यांचे आईवडील, वर्गशिक्षिका, बाई आणि आम्ही. भिंगरीची अट बाईंनी सर्वांना वाचून दाखवली. मग भिंगरी उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला अडली.

ताई, तो शब्द मला कळला होता. तिच्या ओठांवरून कळला. माझ्या जिभेवर आयता होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मी खाली बघत बसले. कुणाची तरी खुर्ची करकरली. एका मुलीचे वडील खाकरले. वर्गशिक्षिका मायेने काहीतरी म्हणायला निघाल्या, तर बाईंनीच हात वर करून त्यांना थांबवलं. आणि समोर वर्गप्रमुख मुलीचे ओठ हलायला लागले. सवयच ती, मीच लावलेली. भिंगरीने तिच्याकडे बघून मान हलवली. त्या पोरीने तोंड मिटून घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग शब्द आला. नंतरचेही आले, पुन्हा पुन्हा अडत आले, पण तिने एकदाही घाई केली नाही. दप्तराचं सांगितलं, चुकीच्या शब्दांचं सांगितलं, वर्गशिक्षिकाही हसल्या होत्या तेही सांगितलं, आणि शब्द द्यायला आईने शिकवलं हेसुद्धा माझ्या तोंडावर सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही.

खाकरणारे वडील शेवटी म्हणालेच की एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ. बाई म्हणाल्या की गोष्ट एवढीशी होती का, हे जिचं दप्तर फेकलं ती ठरवेल. वेगळ्या शाळेचं मी बोलले ते चुकलं, असंही त्या सर्वांसमोर म्हणाल्या. तोंडी परीक्षेची माफी भिंगरीने स्वतःच परत केली आणि शाळेतून निघायचं तर सगळ्यांबरोबरच, असं ठणकावलं. तिघी आपण काय केलं ते आपल्या तोंडाने वर्गाला सांगणार आहेत. भिंगरी बोलत असताना दुसरं कुणी बोललं तर शिकवणं तिथेच थांबेल, असं वर्गशिक्षिकांनी कबूल केलं. आजच मागून कुणीतरी कुजबुजलं म्हणे, आणि त्यांनी खरोखर पुस्तक मिटलं. एका सभेने वर्ग सुधारत नाही, हे मला कळतं. पुन्हा काही झालं तर तो बाक आमच्या ओळखीचा झाला आहे. मैत्रिणीचं काय करणार असं मी विचारलं, तर भिंगरी म्हणाली की अजून ठरलेलं नाही. यावर मी एक अक्षर बोलले नाही, याची नोंद घे.

परत येताना हे पुढे चालत होते आणि आम्ही दोघी मागे. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. वाक्य मनात घोटून ठेवलं होतं, दुसऱ्यांची एवढी वाक्यं पाठ असणारी बाई मी. पण पहिला शब्दच निघेना. रस्त्याच्या कडेला तोंड उघडून मी नुसती उभी राहिले. मला काय म्हणायचंय ते भिंगरीला कळलं होतं, तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिने ते म्हटलं नाही. ती माझ्याकडे बघत, माझा शब्द येईपर्यंत थांबली.

तुझा लोभ होता म्हणून इथवर आलो, तो असाच राहो.

तुझी,
धाकटी